सस्पेंडेड लायसन्सचं तिकीट आलंय? थांबा, लगेच भरायला धावू नका

बे एरियातल्या आपल्या ग्रुपवर अधूनमधून कोणाला ना कोणाला तिकीट मिळतं आणि मग "लढू की भरून टाकू" हा प्रश्न येतो, त्यावर पंधरा-वीस जण सल्ला द्यायला तयारच असतात आणि त्यातले निम्मे "अरे भर आणि सोड, कशाला उगाच" या पंथाचे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्याला लहानपणापासून ऐकवलेलं असतं ना. स्पीडिंगला वगैरे ठीक आहे एकवेळ. पण तिकिटावर कॅलिफोर्निया व्हेइकल कोडचं कलम १४६०१.१ लिहिलेलं असेल, म्हणजे लायसन्स सस्पेंड असताना गाडी चालवली असा आरोप असेल, तर भरून टाकायचा प्रश्नच येत नाही, कारण ते भरायचं तिकीट नसतंच मुळी. त्यावर "नोटीस टू अपिअर" असं छापलेलं असतं आणि ते शब्दशः घ्यायचं असतं, हजर व्हायचं.

मी वकील नाही हे आधीच सांगतो. बायकोच्या मावसभावावर ही वेळ आली आणि त्या काळात मी त्याचा ड्रायव्हर, कागद गोळा करणारा आणि सांगलीला मावशींना फोनवर धीर देणारा अशा तिन्ही पोस्टवर होतो, तेवढीच माझी पात्रता. पण त्या निमित्ताने जे कळलं ते बऱ्याच जणांना माहीत नसतं असं दिसतंय म्हणून लिहितोय.

सगळ्यात पहिली गोष्ट. इथे ट्रॅफिकचे गुन्हे दोन जातींचे. स्टॉप साइनला न थांबणं, स्पीडिंग, हातात फोन हे सगळे इन्फ्रॅक्शन, दंडावर भागतं, रेकॉर्डवर गुन्हा म्हणून लागत नाही. १४६०१.१ मात्र मिसडिमीनर आहे, म्हणजे सरळ क्रिमिनल केस. पहिल्या वेळेला ३०० ते १,००० डॉलर दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत काउंटी जेल, किंवा दोन्ही, आणि त्या ३०० वर राज्याचे, काउंटीचे, कोर्टाचे असेसमेंट चढतात की शेवटी आकडा कित्येक पट होतो. पाच वर्षांत दुसऱ्यांदा सापडलात तर किमान पाच दिवस जेल लिहिलेली आहे कायद्यात. शिवाय डीएमव्हीच्या, म्हणजे इथल्या आरटीओच्या, रेकॉर्डवर दोन पॉइंट. दोन पॉइंट म्हणजे काय तर कॅलिफोर्नियात १९८८ च्या प्रपोझिशन १०३ मुळे इन्शुरन्स कंपनीला चांगल्या ड्रायव्हरला किमान २० टक्के सूट द्यावीच लागते, पण तीन वर्षांत एकापेक्षा जास्त पॉइंट असेल तर ती सूट गेली. म्हणजे दंड एकदाच भरायचा आणि इन्शुरन्सचा फटका वर्षानुवर्षं खायचा.

हे वाचून पोटात गोळा येतो, आमच्याही आला. पण याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. गुन्हा आहे म्हणूनच तुम्हाला असे हक्क मिळतात जे साध्या तिकिटाला मिळत नाहीत. स्पीडिंगच्या तिकिटाला ज्युरी नसते, सरकारी खर्चाने वकील नसतो, एक जज किंवा कमिशनर आणि तो पोलीस, संपलं. मिसडिमीनरला ज्युरी ट्रायलचा हक्क आहे, परवडत नसेल तर पब्लिक डिफेंडर मिळतो, शिवाय साध्या तिकिटासारखंच इथेही इंग्रजी अडत असेल तर दुभाषा कोर्टाच्या खर्चाने मिळतो, आणि सरकारी वकिलाला प्रत्येक मुद्दा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. आणि त्या मुद्द्यांमध्ये एक मुद्दा असा आहे की ज्यावर अख्खी केस उभी राहते किंवा आडवी होते. तो म्हणजे, लायसन्स सस्पेंड आहे हे तुम्हाला माहीत होतं का?

नुसतं सस्पेंड होतं आणि चालवली एवढं पुरत नाही. माहीत असून चालवली हे दाखवावं लागतं.

आता मेहुण्याचं झालं काय ते सांगतो. एका ग्रोसरी स्टोअरच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना दुसऱ्या गाडीला घासली. दोघेही सभ्य, फोटो काढले, इन्शुरन्स कार्डांचे फोटो घेतले, हसत हसत टाटा केला. त्याने इन्शुरन्स कंपनीला कळवलं, कंपनीचा माणूस म्हणाला काळजी करू नका आता आम्ही बघतो, आणि त्याच्या दृष्टीने विषय संपला. पण कॅलिफोर्नियात असा नियम आहे की अपघातात कोणाला थोडीही इजा झाली किंवा नुकसान १,००० डॉलरच्या वर गेलं तर दहा दिवसांत डीएमव्हीला एसआर-१ नावाचा फॉर्म पाठवायचा, चूक कोणाचीही असो, पार्किंग खाजगी असो, पोलीस आलेले असोत वा नसोत. इन्शुरन्सला कळवलं म्हणजे डीएमव्हीला कळवलं असं होत नाही, एजंट तुमच्या वतीने भरू शकतो पण भरलाय का हे आपणच विचारायचं. आणि आजकालच्या बंपरमध्ये जे सेन्सर असतात ना, एक ओरखडा आणि हजाराचा आकडा केव्हाच पार.

याने भरला नाही. समोरच्याने मात्र भरला, आणि भरताना याच्या पॉलिसी नंबरातला एक आकडा चुकवला. डीएमव्हीने त्या नंबराची चौकशी केली, कंपनीकडून उत्तर गेलं की अशी पॉलिसी आमच्याकडे नाही. झालं! डीएमव्हीच्या लेखी हा माणूस विना इन्शुरन्स अपघात करणारा ठरला आणि सस्पेन्शनची ऑर्डर निघाली. ऑर्डर गेली जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर, आणि हा तोपर्यंत दुसऱ्या गावात राहायला गेलेला.

पत्त्याचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो कारण आपल्या लोकांचा इथेच घोटाळा होतो. एच-१बी वर असलेला माणूस घर बदललं की दहा दिवसांच्या आत एआर-११, म्हणजे इमिग्रेशनला पत्ता कळवायचा फॉर्म, भरतो, अगदी नेमाने, कन्फर्मेशनची पीडीएफ तीन ठिकाणी सेव्ह करतो, कारण इमिग्रेशनची भीती. तोच माणूस डीएमव्हीला कळवायला विसरतो, आणि तिथेही मुदत दहाच दिवसांची आहे, ऑनलाइन होतं, एक पैसा लागत नाही. नवीन कार्ड येत नाही म्हणून काही झालंय असं वाटतच नाही कोणाला. पोस्टात मेल फॉरवर्डिंग लावलंय की, असं प्रत्येकजण सांगतो. पोस्ट वेगळं, डीएमव्ही वेगळं. डीएमव्हीच्या कॉम्प्युटरमध्ये जो पत्ता आहे तोच तुमचा पत्ता.

मग एका रविवारी सकाळी स्टॉप साइनवर पूर्ण न थांबता नुसती गाडी हळू करून हा पुढे गेला (इथे याला कॅलिफोर्निया स्टॉपच म्हणतात) आणि मागे दिवे लागले. बायको शेजारी बसलेली. पोलिसाने लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स घेतलं, आपल्या गाडीत जाऊन आला आणि अगदी सहज, गप्पा मारल्यासारखं विचारलं, "तुमचं लायसन्स सस्पेंडेड आहे, माहितीये ना तुम्हाला?"

हा प्रश्न सहज नसतो. केसचा सगळ्यात अवघड मुद्दा तिथेच, खिडकीत, बॉडीकॅम (पोलिसाच्या अंगावरचा कॅमेरा) चालू असताना मिटवून टाकायचा तो प्रश्न आहे. आपला माणूस घाबरून काय बोलतो? "हो सर, म्हणजे ते इन्शुरन्सचं काहीतरी लेटर आलं होतं वाटतं, मी बघतो, सॉरी सर." संपली केस. आपल्याकडे मामासमोर नरमाईने घ्यायची, सॉरी म्हणायची सवय, ती इथे अंगाशी येते. मेहुण्याला खरंच काही माहीत नव्हतं त्यामुळे त्याच्या तोंडून जे निघालं ते म्हणजे, "काय? कोणाचं?" आणि नंतर बायकोकडे वळून मराठीत, "अगं हा काय म्हणतोय?" हे सगळं रेकॉर्ड झालं आणि पुढे जे काही चांगलं झालं त्यात या दोन वाक्यांचा वाटा मोठा होता. (खोटं बोला असं मी अजिबात सांगत नाहीये. लायसन्स आणि कागद द्यायचेच, पण बाकी प्रश्नांना "मला यावर बोलायचं नाही" असं सभ्यपणे म्हणता येतं, तो हक्क सगळ्यांना आहे, व्हिसावाल्यांनासुद्धा.)

गाडी वाचली ती बायकोमुळे. अशा वेळी पोलीस गाडी टो करून ३० दिवस अडकवून ठेवू शकतात, यार्डाचं भाडं रोजचं चढतं, आणि सुटकेसाठी सुनावणी मागायची तर नोटीसवरच्या तारखेपासून दहा दिवसांत. पण शेजारी व्हॅलिड लायसन्सवाली व्यक्ती बसलेली होती, तर त्याने तिला चालवू दिली. हे त्या पोलिसाच्या मर्जीवर होतं, नशीब म्हणा. तिकिटावर सही करायला हा कचरत होता, त्याला वाटलं सही म्हणजे गुन्हा कबूल. तसं नाही, सही म्हणजे फक्त तारखेला हजर राहीन हे वचन. सही नाकारली तर उलट तिथल्या तिथे ताब्यात घेऊ शकतात.

एक अवांतर. पोलिसाला थांबवायला स्टॉप साइनच लागते असंही नाही. २०२० मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाने कॅन्सस विरुद्ध ग्लोव्हर मध्ये आठ विरुद्ध एक असा निकाल दिला की नंबरप्लेट तपासली आणि गाडीच्या मालकाचं लायसन्स रद्द आहे असं दिसलं, तर चालवणारा मालकच असणार असं धरून गाडी थांबवता येते, काही उलट दिसत नसेल तर. म्हणजे "मी नियमाने चालवीन, कोण पकडतंय" या भ्रमात राहू नका, प्लेट वाचायला आता मशीन आहेत.

आणि दुसरं अवांतर, हे मला वकिलाच्या ऑफिसात बसून मोबाइलवर वाचताना सापडलं आणि फार आवडलं. जॉर्जियात बेल नावाचे एक पाद्री होते, तीन खेडेगावांत फिरून सेवा करायचे, त्यांच्या गाडीच्या कडेला पाच वर्षांची एक मुलगी सायकल घेऊन येऊन धडकली. इन्शुरन्स नव्हता. राज्याने लायसन्स सस्पेंड करायला घेतलं आणि चूक कोणाची हे ऐकायलाच तयार नाही. १९७१ साली बेल विरुद्ध बर्सन मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की एकदा दिलेलं लायसन्स माणसाच्या पोटापाण्याशी जोडलेलं असतं, असं न ऐकता काढून घेता येणार नाही. आज सस्पेन्शनच्या आधी नोटीस येते, सुनावणी मागता येते, त्याच्या मागे ही केस आहे. फक्त नोटीस तुमच्या हातात पडली पाहिजे, आणि गाडी तिथेच अडते.

तर "माहीत होतं का" हे सरकारी वकील सिद्ध कसं करतो? तुमच्या मनात शिरून तर बघता येत नाही. म्हणून कायद्यात सोय केलीये. डीएमव्हीने नोटीस साध्या पोस्टाने पाठवली, तुम्ही शेवटी कळवलेल्या पत्त्यावर पाठवली, आणि ती परत आली नाही, एवढं दाखवलं की तुम्हाला माहीत होतं असं धरता येतं. धरता येतं, धरलंच पाहिजे असं नाही. ज्युरीला जी सूचना वाचून दाखवतात तिच्यात स्पष्ट लिहिलेलं आहे की तुम्ही असा निष्कर्ष काढू शकता पण काढायची सक्ती नाही. नोटीस "पत्त्यावर राहत नाही" म्हणून परत गेली असेल तर ही सोयसुद्धा उरत नाही. त्यामुळे वकिलाने पहिल्यांदा काय मागवलं तर डीएमव्हीचं रेकॉर्ड, ज्यात नोटीस कधी गेली, कशी गेली, परत आली का हे कोडमध्ये नोंदलेलं असतं. स्वतःचं साधं रेकॉर्ड तुम्हाला ऑनलाइन दोन डॉलरमध्ये मिळतं, सर्वात आधी ते काढा, सस्पेन्शन नक्की कशामुळे आहे हेच अनेकांना माहीत नसतं. अजून एक कागद म्हणजे डीएल ३१०. पोलीस कधीकधी रस्त्यातच हा फॉर्म देतात, तुम्हाला सस्पेन्शनची तोंडी सूचना दिली असं त्यावर असतं. तो मिळाला असेल तर जपून ठेवा, कारण आधी नोटीस पोहोचल्याचा पुरावा असता तर तो द्यायची गरज काय होती, असं वकिलाला विचारता येतं. मात्र त्या क्षणापासून तुम्हाला माहीत आहे, पुढच्या वेळी हा बचाव नाही.

आमच्या केसमध्ये नोटीस परत आलेली नव्हती. जुन्या अपार्टमेंटमधल्या नवीन भाडेकरूने बहुतेक कचऱ्यात टाकली असणार. म्हणजे रेकॉर्डवर सगळं त्याच्या विरुद्ध.

कोर्टाच्या आधी लायसन्स. हा क्रम उलटा करू नका. सरकारी वकील, तिकडे डीए म्हणतात, पहिलं हेच बघतो की माणसाने मधल्या काळात स्वतःहून काय केलं. मेहुण्याने इन्शुरन्स कंपनीकडून अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती याचं प्रमाणपत्र मिळवलं, ते डीएमव्हीला गेलं आणि ऑर्डर सेट असाइड झाली, मागे घेतली गेली. हे लिहायला एक ओळ लागली, प्रत्यक्षात होल्ड म्युझिक ऐकून ऐकून ती धून आमच्या सगळ्या घराला पाठ झाली. तोवर गाडीला हात लावायचा नाही, मग मी सोडणं-आणणं, कधी कॅलट्रेन. मधे एका मित्राने अक्कल दिली की तुझ्याकडे इंडियाचं लायसन्स आहे ना, इंटरनॅशनल परमिट काढ आणि चालव. नका करू असलं काही. राज्याने नुसतं तुमचं प्लॅस्टिकचं कार्ड सस्पेंड केलेलं नसतं, त्यांच्या रस्त्यावर गाडी चालवायचा तुमचा अधिकारच थांबवलेला असतो, मग सांगलीचं लायसन्स दाखवा नाहीतर स्वित्झर्लंडचं.

मावशींचा फोन याच काळातला. "जावईबापू, तुरुंगात टाकतील का हो त्याला?" नाही हो मावशी, म्हटलं, बसा तुम्ही निवांत. मग त्यांनी हळूच विचारलं, तिकडे कोणी ओळखीचं नाही का. आता काय सांगणार. गंमत म्हणजे आपल्याकडेही आता हे स्वस्त राहिलेलं नाही, अपात्र ठरवलेल्या माणसाने गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आधी हा दंड ५०० पर्यंत होता.

कोर्टाची तारीख आली. दाराबाहेर भिंतीवर त्या दिवसाच्या केसेसची यादी चिकटवलेली, लोक बोट फिरवत आपलं नाव शोधतायत, दहावीच्या निकालासारखे. याचं नाव नाहीच. क्लार्क म्हणाली डीएने अजून केस फाइल केलेली नाही. आता इथे लोक पेढे वाटतात आणि घरी जातात. चूक! मिसडिमीनरला डीएकडे साधारण एक वर्ष असतं फाइल करायला, नंतर पत्र येतं, आणि ते येतं तिकिटावरच्या पत्त्यावर, जो लायसन्सवरून उतरवलेला असतो, म्हणजे पुन्हा तोच जुना पत्ता. ते चुकलं की हजर न राहिल्याचा प्रकार आणि वॉरंट. त्या दिवशी हजर होतो याचा शिक्का मारलेला कागद खिडकीवर मागून घ्या, आणि पुढचं वर्षभर अधूनमधून कोर्टाच्या साइटवर नाव टाकून बघत राहा. आमचं पत्र यथावकाश आलंच.

अरेनमेंटला, म्हणजे आरोप सांगून जबाब विचारतात त्या पहिल्या सुनावणीला, वकील एकटाच जाऊ शकतो, मिसडिमीनरमध्ये आरोपीने यायलाच पाहिजे असं नसतं, पण हा गेला आणि मीही मागे बसलो. डीएसमोर फायलींचा डबा, जज एकेकाला बोलावतायत, कोणाचं प्रकरण दीड मिनिट तर कोणाचं पाच. सुरुवातीला जजनी सगळ्यांना मिळून हक्क वाचून दाखवले, त्यात एक वाक्य असं होतं की तुम्ही नागरिक नसाल तर दोषी ठरल्यामुळे तुम्हाला देशाबाहेर काढलं जाणं, पुन्हा प्रवेश नाकारला जाणं किंवा नागरिकत्व नाकारलं जाणं असे परिणाम होऊ शकतात. हे कॅलिफोर्नियात गिल्टी किंवा नो कॉन्टेस्ट (आरोप लढत नाही) असा जबाब घेण्याआधी सांगावंच लागतं, पीनल कोड १०१६.५. ते ऐकताना मेहुण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"नॉट गिल्टी" म्हणायला आपल्या लोकांना जड जातं. अरे पण गाडी तर चालवत होतो ना मी, खोटं कसं बोलू? याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. नॉट गिल्टी म्हणजे "तुमचा आरोप तुम्ही सिद्ध करा" एवढंच. पहिल्याच दिवशी गिल्टी म्हणून टाकलं तर बॉडीकॅम बघायच्या आधी, डीएमव्हीचं रेकॉर्ड हातात यायच्या आधी सगळं संपलं. ४५ दिवसांत ट्रायलचा हक्क असतो, तो वकिलाने सोडला, टाइम वेव्ह केला, कारण वेळ आम्हालाच हवा होता.

आता मजा बघा. आम्हाला वाटलं आपल्याकडे जबरदस्त पुरावा आहे, एआर-११ चं कन्फर्मेशन, तारखेसकट, की हा माणूस नोटीस निघायच्या आधीच घर सोडून गेला होता. वकिलाने तो कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि बाजूला ठेवला. म्हणाला, यावरून तू तिथे राहत नव्हतास हे दिसतं, पण सरकारला दहा दिवसांत पत्ता कळवायचा असतो हे तुला चांगलं माहीत होतं हेही दिसतं, मग डीएमव्हीला का नाही कळवलंस असं डीए ज्युरीला विचारेल. त्यापेक्षा नवीन घराचं लीज आणि विजेचं बिल पुरे. असला विचार आपल्या डोक्यात येत नाही, त्यासाठीच वकिलाला पैसे द्यायचे. पब्लिक डिफेंडर याच्या पगारात मिळणार नव्हता, पण ज्यांना मिळतो त्यांनी "फुकटचा वकील" म्हणून नाक मुरडू नये, हीच कलमं ते रोज त्याच डीएसमोर लढवतात.

डीएची पहिली ऑफर होती कलम १२५००, म्हणजे विना लायसन्स चालवणं, तेही इन्फ्रॅक्शन म्हणून. ही ऑफर खूप कॉमन आहे, आणि ज्याला सस्पेन्शन खरंच माहीत होतं त्याने लायसन्स सुरळीत करून आणलं असेल तर ती आनंदाने घ्यावी असं माझं मत, मिसडिमीनर गेलं, दोन पॉइंट गेले, दंडावर सुटला. कधीकधी कलम १२९५१ वर, म्हणजे लायसन्स जवळ बाळगलं नाही यावरही तडजोड होते. याच्या बाबतीत वकील म्हणाला थांबू, आधी व्हिडिओ येऊ दे. व्हिडिओ आला. "काय? कोणाचं?" आलं. मराठी वाक्याचं भाषांतर करून दिलं. शेजारी इन्शुरन्सचं प्रमाणपत्र आणि सेट असाइडचं पत्र. त्या दिवशी ऑर्डर लागू होती हे खरंच, ती नंतर मागे घेतली म्हणून तेव्हा नव्हतीच असं आपोआप होत नाही, पण बारा ज्युरर बसवून अशा माणसावर केस चालवायची का हा विचार डीएला करावा लागतो. पुढच्या तारखेला १४६०१.१ डिसमिस झालं आणि स्टॉप साइनचं इन्फ्रॅक्शन तेवढं राहिलं, ते याने भरलं, कारण तिथे तो थांबला नव्हता हे बॉडीकॅमवर त्याने स्वतःच सांगितलेलं.

डिसमिस झालं नसतं तर अजून एक दार होतं. २०२१ पासून कॅलिफोर्नियात मिसडिमीनरला जज स्वतःच्या अधिकारात डायव्हर्शन देऊ शकतात, डीएचा विरोध असला तरी, जास्तीत जास्त दोन वर्षं, अटी पाळल्या की केस डिसमिस. त्यात आधी गिल्टी म्हणावं लागत नाही, जे व्हिसावाल्यांसाठी फार महत्त्वाचं, कारण इमिग्रेशनच्या दृष्टीने गिल्टी म्हटलं आणि नंतर पुसलं तरी ते पुसलेलं धरत नाहीत.

न्यू जर्सीवाल्यांनी हे सगळं जसंच्या तसं स्वतःला लावू नये. तुमच्याकडे कलम ३९:३-४०, केस म्युनिसिपल कोर्टात, ज्युरी नाही, पहिल्या वेळेला ५०० डॉलर दंड आणि वर तीन वर्षं दरवर्षी २५० सरचार्ज. एडिसनचा माझा एक मित्र हा सरचार्ज भरतोय आणि दर वर्षी शिव्या घालतो.

इमिग्रेशनचं म्हणाल तर नुसत्या या प्रकरणाने सहसा व्हिसा जात नाही. पण सहसा या शब्दावर किती झोपायचं ते ज्याने त्याने ठरवावं. एप्रिल २०२५ मध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांची सेव्हिस रेकॉर्ड, म्हणजे विद्यार्थी व्हिसाची सरकारी नोंद, एका फटक्यात बंद केली गेली, त्यात कित्येकांच्या नावावर ट्रॅफिकची किरकोळ प्रकरणं किंवा डिसमिस झालेल्या केसेस होत्या, कोर्टात दावे पडले मग महिनाअखेर परत चालू केली. नागरिकत्वाच्या एन-४०० फॉर्मवर तर कधीही साइट केलं होतं का, म्हणजे तिकीट दिलं होतं का, असाच प्रश्न आहे, तिथे हो लिहायचं आणि कागद जोडायचे.

म्हणून निकाल लागला की त्याच आठवड्यात क्लार्ककडून डिस्पोझिशनची, म्हणजे केसच्या निकालाची, सर्टिफाइड कॉपी घ्या, शिक्क्याची, दोन-तीन जास्तच घ्या, व्हिसा स्टॅम्पिंगला जाताना एक सोबत ठेवा. साइटवर दिसतंय की असं म्हणून सोडू नका, जुन्या केसेस नंतर काढून टाकतात आणि मग रेकॉर्ड नाही असं पत्र मिळवायला वेगळी धावपळ. दोषी न ठरलेल्या माणसाला पीनल कोड ८५१.९१ खाली रेकॉर्ड सील करायचा अर्जही करता येतो, मेहुण्याने केलाय, नोकरीच्या बॅकग्राउंड चेकला त्याचा उपयोग आहे. इमिग्रेशनच्या फॉर्मवर मात्र सील केलेलंही सांगावंच लागतं, त्यामुळे कॉपी काढून घ्यायची ती सील व्हायच्या आधी.